धृती आणि सिद्धी : म्हाइंभटांच्या लीळाशोधाच्या निमित्ताने

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवान श्रीकृष्णांनी धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. मन, प्राण व इंद्रिये यांच्या व्यापारांना अढळपणे धारण करणारी ती सात्त्विक धृती. फळाच्या आसक्तीने धर्म, अर्थ, काम यांना धरून ठेवणारी ती राजस. येथवर कोणास नवल वाटण्याचे कारण नाही. तिसरा प्रकार मात्र थांबून विचार करण्यासारखा आहे. निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांना जो दुर्बुद्धी पुरुष सोडीत नाही, त्याच्या त्या न सोडण्यालाही भगवंतांनी धृती असेच नाव दिले आहे. आळशी मनुष्य आळसाला चिकटून असतो, शोकाकुल मनुष्य शोकाला आणि गर्विष्ठ मनुष्य गर्वाला. चिकाटी तिन्ही ठिकाणी आहे. कशाला चिकटावे, एवढाच काय तो प्रश्न आहे.

ज्याने चिकाटी धरली त्यास यश आले, असे लोकव्यवहारात सरसकट म्हटले जाते. शालेय पुस्तकातील कोळ्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. कोळी भिंतीवरून पुनःपुन्हा पडतो, पुनःपुन्हा चढतो आणि ते पाहून पराभूत राजाला धीर येतो. कथा बोधपर आहे ह्यात शंका नाही. परंतु कोळ्याला चढण्यावाचून दुसरे काय सुचणार? त्याच्या मनात संशय उठत नाही, त्याला लोक हसत नाहीत, आणि आपण चढतो आहोत ती भिंत योग्य आहे की नाही हा विचार तर त्याला शिवतही नाही. मनुष्याच्या चिकाटीला ह्या तिन्हींमधून वाट काढावी लागते. म्हणून कोळ्याच्या कथेहून परमार्गाच्या इतिहासातील एका पुरुषाचे उदाहरण ह्या विषयास अधिक उपयोगी पडेल. ते म्हणजे लीळाचरित्राचे संकलनकर्ते म्हाइंभट.

म्हाइंभट सराळ्याचे. विद्वान, संपन्न आणि वादात हार न मानणारे. शास्त्रात आपल्याला कोणी निरुत्तर करील ही कल्पनाच त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या भेटीस ते आले तेही जिज्ञासू म्हणून नव्हे, तर वादाच्या अभिलाषेने. स्वामींच्या निरूपणापुढे त्यांच्या विद्येचा अभिमान टिकला नाही, हा भाग पंथीयांस सुपरिचित आहे. त्याचा विस्तार येथे नको. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, वादासाठी गावोगाव जाणे, प्रतिपक्ष्याचा शब्द न शब्द ध्यानात ठेवणे, उत्तर मिळेपर्यंत प्रश्न न सोडणे हे सर्व गुण म्हाइंभटांच्या ठायी पूर्वाश्रमीच होते. ते मदाच्या सेवेत होते, म्हणून ती तामस धृती होती. पुढे त्याच गुणांनी जे कार्य केले त्यासाठी त्यांना नवी प्रकृती उसनी आणावी लागली नाही. प्रकृती तीच राहिली. तिने धरलेली वस्तू बदलली. विद्वान मनुष्याचे मन पालटते म्हणजे त्याची बुद्धी नाहीशी होते असे नव्हे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर भक्तजनांवर असन्निधानाचा काळ आला. सन्निधानात असताना दर्शन होते, निरूपण होते, शंका विचारता येत होती. उणे पडेल ते स्वामींपाशी जाऊन पुरे करून घेता येत होते. असन्निधानात ह्यांपैकी एकही उरले नाही. नागदेवाचार्य भटोबास रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले आणि स्वामींच्या लीळांचे स्मरण करू लागले. एकेक लीळा मनात आणावी, तिचे स्थान, तिचा प्रसंग, तेथे उपस्थित असलेले भक्त आठवावेत, आणि मग पुढच्या लीळेकडे वळावे, असा तो नित्यक्रम. हा क्रम म्हाइंभटांच्या दृष्टीस पडला. आचार्य काय करीत आहेत हे त्यांनी विचारले, आणि लीळांचे स्मरण चालले आहे असे उत्तर मिळाले.

येथे सामान्य भक्त वंदन करून निघून गेला असता. म्हाइंभटांच्या मनात मात्र पुढचा प्रश्न उभा राहिला. ज्यांनी स्वामींना पाहिले त्यांना स्मरण आहे. ज्यांनी पाहिले नाही, जे अजून जन्मासही आलेले नाहीत, त्यांनी कशाचे स्मरण करावे? साक्षात पाहणारे एकेक करून देहाआड होणार, हे उघड होते. त्यांच्याबरोबर लीळाही जाणार. म्हणून त्यांनी आचार्यांना विनविले की, ह्या लीळा सांगाव्यात, आपण लिहून घेऊ. आचार्यांनी ते मान्य केले. परंपरेनुसार रिद्धपुरात वाजेश्वरीच्या एकांतात सहा महिने हे काम चालले. एकाने आठवावे, दुसऱ्याने लिहावे.

सहा महिन्यांनंतर काम संपले असे कोणीही म्हणाला असता. लेखणी खाली ठेवण्यास कारणही उत्तम होते. सांगणारे प्रत्यक्ष आचार्य होते. त्यांच्याहून मोठा अधिकार कोणाचा? परंतु ज्या लीळा आचार्यांनी स्वतः पाहिल्या नव्हत्या त्या, ज्यांनी पाहिल्या त्यांच्याकडून घ्याव्यात, असा शोधाचा मार्ग ठरला. म्हाइंभटांच्या धृतीची परीक्षा खऱ्या अर्थाने येथून पुढे सुरू होते. वाजेश्वरीत बसून लिहिताना सांगणारा समोर होता. आता सांगणारे गंगातीरापासून वऱ्हाडापर्यंत विखुरलेले होते. कोणी भिक्षाटनात, कोणी आपल्या गृहस्थाश्रमात, कोणी वृद्ध, कोणी अल्पभाषी. एखाद्याकडे पुष्कळ लीळा असतील, तर एखाद्याकडे एकच, आणि त्या एकीसाठीही तितकेच चालावे लागणार. ज्या पंडिताने एके काळी विद्वानांच्या सभेत समोरच्याला बोलू दिले नसते, त्याने आता अक्षरशत्रू भक्तापुढे बसून, त्याला आठवेपर्यंत मौन धरावयाचे होते. पायांना झालेला श्रम मोठा, पण हा श्रम त्याहूनही मोठा.

महदाइसांसारखी सांगणारी मिळाली तर मात्र शोधकाचे भाग्यच. स्वामींच्या सन्निधानात असताना त्या सतत काही ना काही विचारीत असत. एका उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही तर त्या दुसरा प्रश्न पुढे ठेवीत, आणि त्यांच्या ह्या जिज्ञासेमुळे कितीतरी निरूपणे प्रकट झाली. आज लीळाचरित्र वाचताना निरूपणाच्या आरंभी त्यांचा प्रश्न आढळतो तेव्हा असे जाणवते की, विचारणाऱ्याची चिकाटी नसती तर सांगणाऱ्याचे भांडार उघडले गेलेच नसते. त्यांचे प्रश्न सन्निधानातले आणि म्हाइंभटांचे असन्निधानातले; विचारीत राहण्याची रीत मात्र एकच. विद्वत्तेने त्या म्हाइंभटांच्या बरोबरीच्या नव्हत्या असे कोणी म्हणेल. पण न कळलेले कळले असे न म्हणण्याचे धैर्य दोघांत सारखेच होते.

भिन्न भिन्न साक्षीदारांकडे गेल्यावर जे घडावयाचे ते घडले. एकच लीळा दोघांनी दोन प्रकारे सांगितली. एकाला स्थान वेगळे आठवले, दुसऱ्याला शब्द वेगळे आठवले. अशा प्रसंगी हट्टी मनुष्य एक पाठ पसंत करतो, दुसरा पुसून टाकतो आणि आपला ग्रंथ निर्दोष झाला म्हणून संतोष मानतो. लीळाचरित्रात तसे झालेले नाही. जेथे कथनात भेद पडला तेथे तो वासना म्हणून नोंदलेला आढळतो; अमुक असे म्हणतो, तमुक तसे, ह्या प्रकारे. ह्या नोंदी पाहून काही वाचक गोंधळतात, क्वचित नाराजही होतात. वस्तुतः संकलनकर्त्याच्या सत्यनिष्ठेचा ह्याहून मोठा पुरावा नाही. हट्ट आणि धृती ह्यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते. हट्टाला दुसऱ्याची संमती हवी असते, आणि ती न मिळाली की तो चिडतो. धृतीला वस्तू हवी असते; त्यासाठी ती दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेते, आपल्या म्हणण्याविरुद्ध असले तरी.

केसोबासांनी लीळांतून निवडून रचलेल्या दृष्टांतपाठात हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत आहे. ज्याच्या हाती पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा, ज्याच्या हाती कान लागला त्याला सुपासारखा. तो दृष्टांत तेथे ज्ञानाच्या संदर्भात येतो. परंतु म्हाइंभटांच्या कार्यालाही तो लागू पडतो. प्रत्येक भक्ताने स्वामींना आपल्या योग्यतेप्रमाणे पाहिले होते. कोणाला वेध झाला तो एका कृपादृष्टीने, कोणाला एका शब्दाने. त्यांच्यापैकी एकालाच विचारून थांबले असते तर हाती एक अवयव आला असता. सर्वांकडे जाण्याचे कष्ट म्हाइंभटांनी घेतले ते संख्या वाढविण्यासाठी नव्हे, तर अवयवाला हत्ती समजण्याचा दोष टाळण्यासाठी.

कष्टाच्या फळाकडे पाहिले म्हणजे त्याचे स्वरूप अधिकच आश्चर्यकारक वाटते. अनेक अभ्यासकांच्या मते इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेला हा मराठीतील आद्य चरित्रग्रंथ होय. म्हाइंभटांसारख्या पंडिताला संस्कृतात स्तुतिपर काव्य रचणे अवघड नव्हते. तसे केले असते तर त्यांची विद्वत्ताही झळकली असती. त्यांनी मराठी गद्य पत्करले, आणि त्यात स्वामी कोठे बसले, कोणत्या दिशेला मुख होते, कोण काय बोलले, काय आरोगणा झाली, हे लहान लहान वाक्यांत उतरविले. श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर त्यांच्या लीळांचाही संग्रह त्यांनी ह्याच पद्धतीने केला. प्रभूंचे चरित्र तर लौकिक दृष्टीला वेड्यासारखे भासणारे. बाळकांत खेळणे, कोणाच्याही घरी जाऊन अन्न मागणे, क्षणात रुसणे, क्षणात प्रसन्न होणे. लोकांना रुचेल असा मुलामा त्यावर चढविण्याचा मोह कोणालाही झाला असता. तो मुलामा तेथे नाही. जसे पाहिले गेले तसे लिहिले गेले.

परंतु ग्रंथ सिद्ध झाला म्हणजे सिद्धी झाली, असे मानणाऱ्याला पुढील इतिहास कठीण वाटेल. देवगिरीवर इ. स. १२९६ मध्ये पहिली स्वारी आली आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य लयास गेले. त्या धामधुमीत पंथाच्या पोथ्याही लुटल्या गेल्या. परंपरेत खालशाची धाड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रसंगी लीळाचरित्राची मूळ पोथी हातची गेली असे सांगतात. ज्या ग्रंथासाठी इतकी वर्षे पायपीट झाली तो एका धाडीत नाहीसा झाला. येथे जर म्हाइंभटांच्या परिश्रमाचे फळ केवळ पोथी एवढेच मानले, तर ते परिश्रम व्यर्थ गेले असे म्हणावे लागेल.

ते व्यर्थ गेले नाहीत, कारण तोवर लीळा पोथीतून मुखात आल्या होत्या. भटोबासांच्या शिष्या हिराइसा ह्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. त्यांना लीळा मुखोद्गत होत्या. त्यांच्या आणि इतर ज्ञात्यांच्या आठवणीतून लीळाचरित्र पुनश्च लिहिले गेले. हिराइसांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, परशरामबासांचा पाठ अशी नावे आज अभ्यासक घेतात ती ह्यामुळेच. म्हाइंभटांनी स्मरणातून लेखन केले आणि हिराइसांनी लेखन नष्ट झाल्यावर स्मरणातून ते परत दिले. एकाची चिकाटी दुसऱ्याच्या चिकाटीला जामीन राहिली. एकाच आयुष्यात सर्व साधावे, सर्व आपल्याच हातून पुरे व्हावे असा आग्रह ज्यांना असतो, त्यांनी हा प्रसंग निवांतपणे चिंतावा.

आता हेच साधकाच्या नित्य आचरणाला लावून पाहावे. नवीन अनुसरलेला भिक्षुक मोठ्या उत्साहाने सूत्रपाठ करावयास बसतो. पहिली प्रकरणे सुखाने मुखोद्गत होतात. मग विचार आणि आचार ह्या प्रकरणांतील सूत्रे एकमेकांत मिसळू लागतात. काल पाठ झालेले आज निसटते. अटन, विजन, भिक्षा, स्मरण हा क्रम चालू असतो, पण आरंभीचा आवेग राहिलेला नसतो. गृहस्थाश्रमी उपदेशी वासनिकाची स्थिती ह्याहून अवघड. दुकान, शेत, मुलाबाळांची दुखणी ह्यांतून त्याने नामस्मरणासाठी वेळ काढावयाचा. महिना, दोन महिने तो काढतो. नंतर एखाद्या लग्नकार्यात खंड पडतो, आणि खंड पडला ह्याच्याच लाजेने तो पुन्हा बसत नाही. आपल्या हातून हे होणारे नाही, असे तो मनाशी ठरवून टाकतो. हा विषाद होय. आणि भगवंतांनी सांगितलेल्या तामस धृतीच्या पाच आश्रयांपैकी विषाद हा एक आहे. स्मरण सोडण्यासाठी धरलेला हा विषाद तो वर्षानुवर्षे सोडीत नाही. तितक्याच नेटाने स्मरण धरले असते, तर!

अर्जुनालाही हीच शंका आली होती. सहाव्या अध्यायात त्याने मनाचे चांचल्य वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण असल्याचे निवेदन केले, आणि भगवंतांनी अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले. इतके उत्तर पुष्कळ जण उद्धृत करतात व तेथेच थांबतात. अर्जुन थांबला नाही. त्याने पुढे विचारले की, ज्याच्या ठायी श्रद्धा आहे पण ज्याचा प्रयत्न मध्येच ढळला, तो फुटलेल्या मेघासारखा दोन्हींकडून नष्ट तर होत नाही ना? त्यावर मिळालेले उत्तर असे की, कल्याण करणारा कोणीही दुर्गतीस जात नाही. पूर्वीचा अभ्यास त्याला पुढे ओढून नेतो. खंड पडलेल्या वासनिकाने हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. जोडलेली योग्यता खंडाने पुसली जात नाही. पुन्हा बसणाऱ्याला शून्यापासून आरंभ करावा लागत नाही.

ह्याच्या उलट दुसराही एक दोष आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. काहींच्या हातून खंड पडत नाही; त्यांचे पारायण ठरल्या वेळी सुरू होते व ठरल्या वेळी संपते, परंतु मुखाने लीळा चालू असताना मन बाजाराचा हिशेब करीत असते. अशा अखंडतेला चिकाटी म्हणावे की सवय, हा प्रश्नच आहे. घाण्याला जुंपलेला बैलही अखंड चालतो. भटोबासांचे स्मरण ह्या जातीचे नव्हते. स्थान, प्रसंग, उपस्थित भक्त ह्यांसह प्रत्येक लीळा ते नव्याने आठवीत होते. म्हणूनच म्हाइंभटांनी विचारल्यावर त्यांना ती सविस्तर सांगता आली. दहा लीळा यांत्रिकपणे म्हणण्याहून एका लीळेचे साद्यंत स्मरण श्रेष्ठ, असे म्हटल्यास पारायणाचा अनादर होत नाही.

सात्त्विक कर्त्याचे लक्षण सांगताना गीतेने धृती आणि उत्साह ही दोन पदे जोडूनच ठेवली आहेत, व त्यालगत सिद्धी आणि असिद्धी ह्यांत विकार न पावणे हे सांगितले आहे. धृतीवाचून उत्साह चार दिवसांचा. उत्साहावाचून धृती घाण्याच्या बैलाची. आणि सिद्धीकडे डोळा लावून बसलेल्याची दोन्ही पहिल्या अपयशातच गळतात.

हे सर्व जुन्या काळाचे झाले असे म्हणण्यासही जागा नाही. पोथ्यांचे रक्षण व्हावे म्हणून पूर्वाचार्यांनी सकळ, सुंदरी इत्यादी लिप्या योजिल्या आणि लेखकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या लिप्यांत नकला केल्या. पंजाबासारख्या दूरच्या प्रांतातील जयकृष्णी अनुयायांनीही मराठी पोथ्या श्रद्धेने जतन केल्या. विसाव्या शतकाच्या आरंभकाळात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी सकळ लिपीची उकल केली, मग य. खु. देशपांडे, ह. ना. नेने आदी संशोधक आणि पोथ्या उघडून दाखविणारे महंत ह्यांच्या श्रमांनी हे वाङ्मय मुद्रित होऊ लागले. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि ज्या रिद्धपुरात वाजेश्वरीत लेखन झाले तेथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. तथापि मठामठांतील रुमाल अद्याप सर्व सुटलेले नाहीत. सकळ लिपी सहज वाचणारे वृद्ध भिक्षुक थोडे उरले आहेत. त्यांच्यापाशी बसून अक्षर अक्षर लावून घेणारे तरुण त्याहून थोडे. एक पृष्ठ लावण्यास आरंभी संपूर्ण दुपार लागते. दुसऱ्या पृष्ठाला त्याहून कमी वेळ लागतो, आणि एखाद्या ओळीपाशी वासना नोंदलेली आढळली की पुन्हा थांबून दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहावे लागते.